गांगुर्डे काकांनी पुसलेलं निळं गाव

"पांढरं कुठंय?"

पुंडलिक गांगुर्डे या माणसाने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, या-बसा नाही. नाशकात शालिमारजवळच्या एका कलर लॅबमध्ये मी फोटो न्यायला गेले होते. काउंटरच्या आतून, छपाईच्या मशीनमागून एक बुटका, जाड भिंगांचा माणूस माझ्याच निगेटिव्हची पट्टी हातात धरून तरातरा बाहेर आला आणि खेकसला, "ओ ताई, छत्तीस फोटो काढले. एकात तरी पांढरं घ्यायचं का नाय?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॅमेऱ्यात रोल असायचा आणि फोटोचे रंग खरे उमटले की नाही हे लॅबच्या मशीनवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर असायचं. गांगुर्डे काका प्रत्येक फोटोत आधी पांढरं शोधायचे. सदरा, टोपी, म्हाताऱ्याची मिशी, काहीही. ते पांढरं कागदावर पांढरं उमटेपर्यंत बटणं दाबत राहायचे; ते जमलं की मग बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. पांढरं नाहीच मिळालं तर माणसाचा चेहरा बघायचे. मी एकदा म्हटलं, "मशीन आपोआप करतं ना हे सगळं?" तर म्हणाले, "मशीनला काय कळतंय? चेहरा वळखाया मशीनला आई हाय का?"

गिऱ्हाइकांशी त्यांची रोज वादावादी. एक बाई मुलीचा लग्नासाठी काढलेला फोटो घेऊन आल्या, जरा गोरा करून द्या म्हणाल्या. काकांनी फोटो उलटसुलट पाहिला आणि भर दुकानात सांगितलं, "पोरगी हाय तशी लय झ्याक हाय. जावई काय फोटोसंगं संसार करनार का?" बाई तणतणत मालकाकडे गेल्या. मालकांनी काकांना झापलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मुलीचा फोटो जसा होता तसाच छापला.

मी तेव्हा मुंबईच्या एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर होते. पन्नास माणसांना विमानात चढवायचं, त्यांच्या हरवलेल्या बॅगा शोधायच्या, परदेशात वरणभात मिळवून द्यायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. जीव मात्र कॅमेऱ्यात. जगातली रंगीत गावं टिपायची हे माझं वेड होतं. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरची लाल-हिरवी-पिवळी घरं मी आणली तेव्हा काका मशीनवर डोकं धरून बसले होते. एका खिडकीबाहेर चादर वाळत होती, तिच्यावरून त्यांनी सगळ्या बेटाचे रंग लावले. "ही चादर नसती तर मेलो व्हतो," म्हणाले. केपटाउनच्या रंगीत गल्लीत एक आजोबा पांढरी टोपी घालून बसले होते, त्या टोपीवरून त्या गल्लीचे रंग लागले. मी कौतुकाची वाट बघायचे. ते फक्त म्हणायचे, "मानूस घेत जा फोटोत. भिंतीला काय चेहरा असतो का?"

हे मला मुळीच पटायचं नाही. माझ्या फोटोत माणूस म्हणजे अडथळा. मी माणसं निघून जाण्याची वाट बघत तास तास उभी राहायचे.

मग दोन हजार सालानंतर एकदा सातपूरच्या एका कारखानदाराने मला बोलावलं. परदेशी गिऱ्हाइकांना वाटायला त्याला जगातल्या रंगीत शहरांचं कॅलेंडर हवं होतं. हे काम मिळालं असतं तर मी टूरची नोकरी सोडणार होते. घरी तसं सांगूनही टाकलं होतं. मुखपृष्ठ कोणतं, तेही माझं ठरलं होतं. स्पेनची टूर संपल्यावर मी चार दिवस मागून घेतले, बोटीने मोरोक्कोत उतरले आणि डोंगरातल्या एका गावात गेले. शेफशावेन. भिंती निळ्या, दारं निळी, पायऱ्या निळ्या. आज त्या गावाचे फोटो कुणाच्याही मोबाइलवर दिसतात, तेव्हा नाशकात त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. दोन दिवस मी पहाटे उठून, गल्ल्या रिकाम्या असताना फोटो काढले. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत एक माणूस नाही.

रोल काकांकडे दिला आणि गाव निळं आहे हे सांगितलं नाही. मुद्दामच नाही सांगितलं. हा माणूस कधी चांगलं म्हणत नाही, निदान यावेळी तोंडात बोट घालेल असं मला वाटलं. त्याच रात्री मी ग्रुप घेऊन सिंगापूरला गेले. परत आले ती तडक सातपूरला. प्रिंटचं पाकीट माझ्या भावाने लॅबमधून तिथेच आणून दिलं. ते मी पहिल्यांदा उघडलं ते कारखानदाराच्या टेबलावर.

सगळं गाव पांढरं. पांढरं तरी कुठलं, मातकट, पिवळट, चुना मारून वर्षं झालेल्या घरांसारखं.

"मॅडम, निळं शहर म्हणाला होतात ना?" तो म्हणाला. त्याचे दोन्ही मॅनेजर खाली मान घालून हसले. मी दोन दिवस मागितले, निगेटिव्ह बरोबर आहेत, पुन्हा छापून आणते म्हटलं. त्याने घड्याळ पाहिलं. कॅलेंडर त्याने शेवटी विकतच्या सीडीवरच्या तयार फोटोंचं छापलं. माझ्या नोकरीच्या राजीनाम्याचा कागद पर्समध्ये होता, तो तिथेच राहिला.

तिथून मी लॅबमध्ये गेले ती फणफणत. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी प्रिंट काउंटरवर आपटले. मालक हुशार. एक नजर टाकून म्हणाले, "विमानतळावरच्या एक्स-रेने रोल खराब झालाय मॅडम. होतं असं." आणि आत बघून, "काय हो गांगुर्डे, रोलच खराब होता ना?"

काका बाहेर आले. प्रिंट उचलले, एकेक पाहिले. "नाय," म्हणाले. "रोल चांगला हाय. मी चुकलो."

मालकांनी डोळे वटारले. काकांचं लक्ष माझ्याकडे होतं. "आख्खं गाव निळं असतं व्हय, ताई? मला वाटलं फिल्मच निळी पडली. तुमचे कष्ट वाया जातील म्हनून दुपारभर बसलो. जेवलो बी नाय. एक एक करून निळा उतरवला."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहायची मला लाज वाटते. पण लिहिते. "तुम्ही नाशिकच्या बाहेर कधी पाऊल टाकलंय का? जग काय तुमच्या मखमलाबाद गावात संपतं? अडाणी माणसाच्या हातात माझं काम दिलं, चूक माझीच!" वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. एरवी ब्र उच्चारला तर अंगावर येणारा तो माणूस काउंटरवरचे प्रिंट गोळा करत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "एक मानूस असता फोटोत, तर कळलं असतं."

याचा मला जास्तच राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळे फोटो नव्याने छापून माझ्या घरी पाठवले. निळा असा उमटला होता की मी त्या गल्लीत पुन्हा उभी राहिले. उपयोग काय? मी आभार मानायला गेले नाही. पंधरा दिवसांनी भावाने सांगितलं की काकांना मशीनवरून उठवलंय, आता ते मागे बसून अल्बमात फोटो चिकटवतात. मशीनवाल्याने गिऱ्हाइकांसमोर चूक कबूल करायची नसते, असं मालकांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, "बरं झालं." पुढे त्यांनी लॅबच सोडली तेव्हाही मला काही वाटलं नाही.

वाटायला वर्षं लागली. एव्हाना डिजिटल कॅमेरे आले, लॅब बंद पडली, माझीही दोन कॅलेंडरं निघाली. दुसऱ्या एका दुकानातल्या नव्या मुलाने माझा फोटो छापताना बिघडवला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या फाइलमध्येच प्रॉब्लेम आहे." मी त्याच्यावर ओरडणार तोच काका आठवले. त्या दिवशी दुकानात मालक खोटं बोलला, मी तोंडाला येईल ते बोलले आणि एकटे काका खरं बोलले. मशीन त्यांच्या हातून गेलं, मग नोकरीही. आम्हा दोघांचं काहीही बिघडलं नाही. याचा संताप मला अजून येतो, मालकाचा येतो त्याहून स्वतःचा जास्त.

मखमलाबादला गेले. काका मळ्याच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. डोळ्याला मोतीबिंदू आलेला, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "या," म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी वाटेत घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. काका, चूक माझी होती. गाव निळं आहे हे मी सांगायला हवं होतं. माणूस घ्यायला हवा होता. तुमचा काही दोष नव्हता.

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, गहिवरले. ते भडकले होते.

"मशीनवर कोन व्हतं? तुमी व्हत्या?"

"नाही, पण..."

"मंग? अठ्ठावीस वर्सं बसलो मशीनवर. फोटो चांगला आला, तर लोक म्हनायचे कॅमेरा भारी. बिघडला, तर म्हनायचे रोल खराब. गांगुर्डेचं नाव कुनी घेतलं का? येकदाच, सगळ्या दुकानासमोर म्हनलो, हे मी केलं. आन आज तुमी माज्या दारात येऊन ते बी घेऊन चालल्या?"

मी म्हटलं, "काका, मी माफी मागायला आले."

"नको मला," ते म्हणाले आणि पुढची जुडी उचलली. सुनेने आणलेला चहा मी तिथेच प्यायले. उठताना मीही चिडले होते. मुद्दाम माफी मागायला यावं आणि समोरच्याने ती झिडकारावी, हे कुणाला आवडेल?

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमारास, ते गेले. मला महिन्याभराने कळलं. माझी माफी त्यांनी घेतली नाही ती नाहीच, आणि आता ती कुणाला द्यायची मला माहीत नाही. म्हणून निदान त्यांचं त्यांच्या नावावर ठेवते. शेफशावेन गावच्या सगळ्या भिंती पांढऱ्या केल्या त्या पुंडलिक गांगुर्डे यांनी. दुसऱ्या कुणीही नाही.