शेवट मी बघितलाय

दुपारी दोनला भांडी घासून जरा पाठ टेकावी म्हणते, तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक येते, पिक्चर लावलास का म्हणून. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणतो. शुगरनं त्यांची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली, पण हिंदी पिक्चर काही सुटला नाही. टीव्ही त्या ऐकतात, बघायचं काम माझ्याकडं. आता काय चाललंय? मारामारी. कोण मारतंय? धाकटा. आणि थोरला? थोरला उभाय. जाहिरातींसकट हे चार तास चालतं. मला मनापासून कंटाळा येतो. पहाटे पाचला उठलेली मी, गुडघे ठणकत असतात, आणि बर्फात नाचणाऱ्या बाईची साडी कुठल्या रंगाची ते सांगायचं. एकदा वैतागून जांभळी म्हणाले, तर आत्या म्हणाल्या, मघाशी हिरवी होती.

पिक्चरचं वेड त्यांना पहिल्यापासूनचं. मी बावड्याहून लग्न होऊन पणदऱ्यात आले, तेव्हा बारामतीच्या टॉकीजला नवा पिक्चर लागला की भोंगा लावलेली जीप कागद उधळत गावातून जायची. आत्या शेजारच्या काकूंना घेऊन तीनच्या खेळाला जायच्या. खेळ सुटायचा सहानंतर, आणि डेअरीत दूध घालायची वेळ ठरलेली. धारा काढायच्या म्हणून साडेपाचची एसटी गाठावीच लागायची. ऐन रंगात आलेला पिक्चर सोडून दोघी अंधारात पाय चाचपत बाहेर यायच्या. एकाही पिक्चरचा शेवट त्यांनी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खुरपायला बायका ओळीनं बसल्या की आत्या पिक्चर सांगायच्या. हिंदी त्यांना निम्मंच कळायचं, पण पडद्यावरचं रडणं काही हिंदीत नसतं. गाणं आलं की त्यांचं खुरपं थांबायचं, मारामारीला जोरात चालायचं. शेवट त्या पदरचा लावायच्या. हरवलेली पोरं सापडायची, भांडलेले भाऊ एका ताटात जेवायचे, आई तर कधीच मरायची नाही. त्या नादात बायकांच्या दोन-दोन सऱ्या जास्त उरकायच्या.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाला दोन महिने झालेले, आणि मी मोठी शहाणी. त्या दिवशी आत्या सांगत होत्या तो पिक्चर मी इंदापूरला मामाकडं राहून बघितला होता. गोळी लागलेली आई दवाखान्यातनं बरी होऊन घरी येते आणि दोन्ही पोरांना पुढ्यात बसवून वाढते, असं त्यांनी सांगितलं. एकीनं डोळ्याला पदर लावला. आणि मी म्हणाले, "न्हाय, आई मरती. शेवट मी बघितलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. आत्या मान खाली घालून खुरपत राहिल्या. नंतर रागावल्या नाहीत, घरी आल्यावर विषयही काढला नाही. फक्त पुन्हा कधी शेतात पिक्चर सांगितला नाही. बायकांनी आग्रह केला की म्हणायच्या, सूनबाईला विचारा, तिला सगळं ठावं असतंय. एकदा मी सांगून बघितला. अगदी जसाच्या तसा सांगितला, तर बायका मधेच पाणी प्यायला उठल्या.

पिक्चरच्या शेवटासाठी सासूची माफी कोण मागतं? मीही मागितली नाही. पुढं टॉकीज बंद पडली, घरोघरी टीव्ही आला, मग पिक्चर ज्याच्या त्याच्या खिशात आला. आता शेवट फुकट मिळतो आणि लोक तोही धड बघत नाहीत, बोटानं पुढं ढकलतात. मी मात्र माफीचं ते वाक्य इतकी वर्षं गिळून बसले होते. आत्यांना दिसेनासं झाल्यावर ते जास्तच खुपायला लागलं.

गेल्या महिन्यात असाच एक पिक्चर चालला होता. काकूही येऊन बसल्या होत्या. थोरल्या भावाच्या छातीत गोळी लागली, धाकट्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि लाइट गेली.

मग आत्यांनी विचारलं, "म्होरं काय हुतंय?"

तो पिक्चर मी आयुष्यात बघितला नव्हता. लाइट आल्यावर बघू म्हणणार होते, अंगात त्राणही नव्हतं. पण आत्यांचं तोंड माझ्याकडं वळलेलं होतं, आणि ते बघून माझ्याच्यानं गप्प बसवेना. मी सांगायला लागले. धाकट्यानं थोरल्याला पाठीवर घेतलं, पावसातनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्त पाहिजे. धाकट्याचं रक्त जुळलं. थोरला वाचला.

काकूंना ते पटलं नाही. छातीत गोळी लागलेला माणूस कुठं वाचत असतो का, म्हणाल्या. डोळे तर त्यानं मिटले होते, मी बघितलं की, असंही वर म्हणाल्या.

आत्यांनी चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"वाचतो," त्या काकूंना म्हणाल्या. "तिनं शेवट बघितलाय. आपुन कुठं बघितलाय?"

मला हुंदका आला. तो त्यांना ऐकू गेलाच असणार. गुडघ्यावरचा हात तसाच होता. गोठ्यात म्हैस ओरडायला लागली, धारांची वेळ झाली होती.

"वरडू दे तिला," आत्या म्हणाल्या. "म्होरं सांग."