उशिरा येणारा सहावा सूर

काजितानी गेला तेव्हा शिझुए मुरोगा रडली नाही. अंत्यविधीला काळे कपडे घालून गेली, पैशांचं पाकीट दिलं, धूप वाहिला, त्याच्या बायकोपुढे कमरेत वाकली आणि बसने घरी येऊन अर्धं राहिलेलं गाणं पुरं करायला बसली. दुसऱ्या दिवशी ते गाणं कंपनीला पाठवलंसुद्धा. लोक म्हणाले, सव्वीस वर्षं बरोबर काम केलं आणि बाईच्या डोळ्यांतून टिपूस नाही, कमाल आहे. लोकांचं काय जातं बोलायला! पण खरं सांगायचं तर शिझुएलाही स्वतःची कमाल वाटत होती. ती रोज सकाळी उठून आत चाचपून बघायची, आज तरी काही दुखतंय का. काही नाही. भात बेचव लागायचा, एवढंच.

तिचं काम कानाचं होतं. कराओकेच्या खोलीत तुम्ही माईक धरून बेसूर गाता, तेव्हा मागे जी वाद्यं वाजतात ती कुणीतरी बसून भरलेली असतात. मूळ गाणं ऐकायचं, थांबवायचं, पुन्हा ऐकायचं, आणि गिटार, बासरी, ढोल, जे जे ऐकू येईल ते सूर न् सूर संगणकात टाकायचं. पडद्यावर प्रत्येक सूर म्हणजे एक छोटी पट्टी. ती वर न्या, खाली न्या, लांब करा, पुसा. अशा नोंदीला मिडी म्हणतात. नागोयाच्या आसपास अशी घरात बसून पट्ट्या ओढणारी माणसं एकेकाळी शेकड्यांनी होती. आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

या दोघांची जोडी होती. काजितानी नोबुमासाने सूर भरायचे आणि शिझुएने तपासायचे. कंपनीचा नियम कडक होता. प्रत्येक सूर ठोक्याच्या रेषेवर पाहिजे, इकडे नाही, तिकडे नाही. आणि काजितानीचा हात जड. त्याने भरलेल्या सुरावटीत एखादा सूर हमखास मागे रेंगाळायचा, बहुतेक वेळा सहावा. शिझुए सगळ्या पट्ट्या निवडायची, दोन कळा एकदम दाबायची, की टक्कन सगळे रेषेवर. मग नाव द्यायचं, जतन करायचं, बंद करायचं, की पुढचं गाणं. हे सगळं करायला तिला तीन सेकंद लागायचे आणि डोकं अजिबात लागायचं नाही.

"शिझुए-सान, माझ्या सगळ्या माणसांना तुम्ही पलटणीत भरती करता हो," तो फोनवर म्हणायचा.

"मग तुमची माणसं वेळेवर उठत का नाहीत?"

"सकाळी कॉफी घेतात ना. घाई कशाला?"

त्यांचं एवढंच बोलणं. दोघांनी कधी एकत्र जेवण घेतलं नाही. वर्षाअखेरीची कंपनीची पार्टी सोडली तर भेटही नाही. तेव्हा रडायचं तरी कुठल्या नात्याने?

मार्चच्या अखेरीस एका रविवारी दुपारी काजितानीची बायको कात्सुयो दारात उभी राहिली. चौसष्ट वर्षांची, बुटकी, तोंडाने फटकळ. हातात भाजीची चाकांची पिशवी, आणि पिशवीतून चादरीत गुंडाळलेला, काजितानीचा वाजवायचा की-बोर्ड हातभर बाहेर आलेला.

"मुरोगा-सान, हा राक्षस मी बसमधून आणलाय. ड्रायव्हर म्हणतो, आजी, तिकीट दोन काढा. आधी पाणी द्या."

पाणी पिऊन, आणलेल्या ऊईरोचा, तांदळाच्या गोड वड्यांचा, डबा पुढे सरकवून तिने काम सांगितलं. येत्या रविवारी काजितानीला जाऊन एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे मोठा विधी. घरी भिक्षू येणार, नातेवाईक येणार. सुवा गावात एकजण वाजत्या पेट्या बनवतो, कागदाच्या पट्टीला भोकं पाडून ती दांड्याने फिरवायची. तिला नवऱ्याची सकाळची धून त्या पेटीत हवी होती. देवघरात ठेवणार होती.

"तो पेटीवाला म्हणतो, आवाज टेप करून देऊ नका, सूर वेगवेगळे काढून द्या. म्हटलं ते काम करणारी एकच बाई मला माहीत आहे."

"कुठली धून?"

"अहो, यातच आहे. तीन पट्ट्या डाव्या हाताने धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने कॉफी प्यायचा. बाकी सगळं हे यंत्र वाजवतं. तेहतीस वर्षं रोज सकाळी! मी म्हणायचे, निम्म्या हाताने वाजवतोस, निम्मा पगार मिळेल."

शिझुएला कळलं. या यंत्रात अर्पेजिएटर होता, म्हणजे तीन सूर धरले की त्यांना तोडून, ठरलेल्या क्रमाने एकेक करून वाजवत राहणारी सोय. तो क्रम काजितानीने स्वतः बोटांनी वाजवून यंत्राच्या पोटात साठवला होता.

"एक सांगते," कात्सुयो म्हणाली. "दुकानदार म्हणाला, याच्या आतली बॅटरी मरत आलीय. बंद केला की पोटातलं सगळं जाईल, नाहीतर नाही जाणार, सांगता येत नाही. मी चाळीस दिवस चालूच ठेवला होता. आज आणताना बंद केला, तेव्हा जीव मुठीत होता माझा."

शिझुएने की-बोर्ड लावला. छोट्या पडद्यावर बॅटरीची सूचना लुकलुकली. कात्सुयोने दाखवलेल्या तीन पट्ट्या तिने धरल्या आणि धून वाजू लागली. कात्सुयोने हात तोंडावर ठेवला.

"आहे! आहे हो!"

पहिल्या वेळी संगणकात फक्त तीन लांब पट्ट्या आल्या. बोटांनी धरलं होतं तेवढंच. यंत्र वाजवत होतं, पण वाजवलेलं बाहेर सांगत नव्हतं. शिझुएने यंत्राच्या आतल्या याद्या धुंडाळल्या, आपले सूर बाहेर पाठव म्हणून सांगणारी खूण शोधली, ती चालू केली, आणि पुन्हा धरलं. आता पडद्यावर बारीक पट्ट्यांची रांग उमटत गेली, चढती, उतरती, पुन्हा चढती. प्रत्येक फेरीत सहावा सूर रेषेच्या थोडा मागे राहून बसत होता, आणि कानाला तो किंचित दमून आल्यासारखा लागत होता.

"हाच," कात्सुयो म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. "हाच मेला. कॉफीचा घोट घेतल्यासारखा थांबतो बघा!"

शिझुएने पट्ट्यांवरून हात काढला. या बाईचं रडणं बघून आपल्यालाही काही व्हायला पाहिजे असं तिला वाटलं. झालं काही नाही. तिने रुमाल पुढे केला. बोटं संगणकाच्या कळांवर गेली. सगळं निवडलं, दोन कळा दाबल्या, नाव दिलं, जतन केलं, बंद केलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं ना? मग वीज कशाला जाळायची," म्हणत कात्सुयोने भिंतीतली पिन उपटली. "सुटला बिचारा."

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता तुमच्या डब्यातून ऐकवा."

शिझुएने फाइल उघडून लावली. सोळा सूर आले, एकामागून एक, कवायत करत. कात्सुयोच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय? हे ते नाही."

शिझुए पडद्याकडे बघत राहिली. सहावा सूर बरोबर रेषेवर होता.  तिने केलेलं रद्द करून मागे जायची कळ दाबली, पण फाइल बंद करून उघडलेली, मागचं काही उरलेलं नव्हतं. तिने धावत पिन लावली. की-बोर्ड उजळला. तीन पट्ट्या धरल्या, तर कारखान्यातून येते ती कुठलीतरी टिंगटिंग वाजू लागली. पोट रिकामं झालं होतं.

"मुरोगा-सान, काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. बॅटरी गेली, काय करणार, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. शिझुए खाली जमिनीवर बसली, दोन्ही तळवे टेकले आणि डोकं टेकवलं.

"मी पुसला. सवयीने सरळ केला. तुमच्यासमोर केला. माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला."

कात्सुयोने रुमाल घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "उठा. डोकं टेकवून तो येणार आहे का परत? आधीही यायचा नाही लवकर. काही होतंय का बघा."

शिझुए उठली. एका ठोक्याचे संगणक चारशे ऐंशी भाग करतो. काजितानीचा सहावा सूर किती भागांनी मागे पडायचा, हे तिला पाठ होतं. हजारो वेळा तिनेच तो रेषेवर आणला होता. तिने प्रत्येक फेरीतला सहावा सूर चोवीस भाग मागे सरकवला आणि वाजवला.

"नाही," कात्सुयो म्हणाली. "अजून उशिरा."

"चोवीसच असायचा."

"असायचा? तुम्हाला काय माहीत? माझ्या स्वयंपाकघरात वाजायचा तो!"

"आणि माझ्या पडद्यावर यायचा! सव्वीस वर्षं! एकही दिवस पंचवीस नाही, तेवीस नाही!"

शिझुएचा आवाज एवढा चढला की तिची तीच दचकली. महिन्याभरात ती कुणावर ओरडली नव्हती, कुणाशी धड बोललीही नव्हती. आता तिचे कान तापले होते. तिला राग आला होता, या बाईचा, चांगलाच.

"ते तुमच्यासाठीचं काम होतं," कात्सुयो म्हणाली. "हे घरचं. घरी माणूस जास्त उशीर करतो."

शिझुए पडद्याकडे वळली. तिने अठ्ठावीस केलं. कात्सुयोने मान हलवली. बत्तीस केलं. "अजून." छत्तीस केलं.

"हं. थांबा. पुन्हा लावा." कात्सुयोने डोळे मिटले. तीन फेऱ्या ऐकल्या. "हाच आहे."

शिझुएला तो नव्हता वाटत. छत्तीसवर तो आळशी वाटत होता, तिच्या ओळखीचा वाटतच नव्हता. पण तेहतीस वर्षं सकाळी त्याला ऐकणारी बाई समोर बसली होती. शिझुएने तसंच जतन केलं आणि तिथल्या तिथे सुवाच्या पेटीवाल्याला पाठवून दिलं. छत्तीस भागांची जागा सोडून भोक पाडा, चुकून सरळ करू नका, असं खाली ठळक लिहिलं.

कात्सुयोने की-बोर्ड चादरीत गुंडाळला. दारात वाकली. "रविवारी या म्हणाले असते, पण घरचीच माणसं आहेत हो, जागा नाही," ती म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, जागा खरंच नसणार. चाकांचा आवाज करत पिशवी उतारावरून खाली गेली.

शिझुए परत येऊन बसली. तिने ती धून पुन्हा उघडली आणि सगळे सहावे सूर चोवीसवर आणले. वाजवलं. हा तिला माहीत असलेला काजितानी होता, कामाचा, फोनवरचा. त्याच्याबद्दल विचारायला कुणी येणार नव्हतं, आणि त्याच्यासाठी कुठली पेटी बनणार नव्हती. ती तोंडावर हात दाबून रडायला लागली, मग हात काढून मोठ्याने रडली. शेजारच्या भिंतीवर कुणीतरी ठक्ठक् केलं. तिने धून बंद केली नाही.

अंधार पडायच्या सुमाराला तिने तोंड धुतलं. ही चोवीसची फाइल ठेवायची तर नाव काय द्यायचं, यावर ती बराच वेळ अडून बसली. शेवटी नाव न देताच संगणक चालू ठेवला आणि भात लावायला उठली.