गिटारवरचा डाग

संग्रहालयाच्या टेबलावर दोन गिटारी होत्या आणि मिस्त्री त्या निरखत होते. दोन्हींवर दिवंगत रॉक वादकाची तीच सोनेरी छापील सही. त्यातली खरी राष्ट्रीय ठेवा म्हणून काचेत जाणार होती. वादकाची गिटार वीस वर्षं मिस्त्रींनीच दुरुस्त केली, म्हणून त्यांनाही बोलावलं होतं.

"हिच्या खुंट्यांजवळ सिगारेटचा डाग आहे," संग्रहालयाचे तज्ज्ञ एका गिटारीकडे बोट दाखवत म्हणाले. "वादक तर सिगारेटला शिवत नसत. म्हणजे ही नक्कल. न्या उचलून."

मिस्त्रींनी तो डाग लगेच ओळखला. तारा चढवताना पेटती सिगारेट खुंट्यांपाशी खोचायची त्यांची जुनी खोड. बायकोनं त्यावरून जन्मभर डोकं खाल्लं. एकदा लाकूड करपलं, तेव्हा त्यांनी वर पॉलिश फासून तोंड शिवून घेतलं होतं. आता बोलावं, तर देशाचा ठेवा जाळणाऱ्याच्या दुकानात कोण फिरकेल? गप्प राहावं, तर खरी गिटार अडगळीत जाणार!

शिपायानं गिटारीला हात घातला.

"थांबा हो!" मिस्त्री जवळजवळ ओरडलेच. "तो डाग माझा आहे. माझ्या सिगारेटचा. हीच खरी."

शिपायानं हात मागे घेतला. मग कोपऱ्यात बसलेली वादकाची बायको हळूच म्हणाली, "आत्ता कळलं. तो नेहमी म्हणायचा, 'हिच्यावरची माझी सही छापील आहे गं, खरी सही मिस्त्रींची.' मला वाटायचं, तुमचं कौतुकच करतोय."