उपोषणावर वाद घालायला ताडकळसला

निघायचं ठरलं ते एका फोनमुळे. मी सरांच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करतेय. वेगवेगळ्या संस्कृतींची माणसं एकमेकांना न गिळता एका देशात कशी नांदतील, आणि हात न उगारता अन्यायाशी कसं लढता येईल, यावर सरांनी आयुष्यभर लिहिलं. तयार झालेली प्रकरणं मी ताडकळसच्या सुजाताताईंना पाठवायचे. त्या शिक्षिका, गावात बायकांचा वाचनगट चालवतात. फोनवर म्हणाल्या, "बाकी समदं पटलं. उपोषणाचं प्रकरण न्हाई पटलं. सरांना घेऊन या, बसून बोलू."

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सरांची बॅग माझ्याआधी भरून तयार.

रेल्वेनं पूर्णा जंक्शनला उतरा, तिथून एसटी आहे. फक्त बाजाराचा दिवस टाळा. आम्ही टाळला नाही, त्यामुळे सरांच्या मांडीवर मेथीचं गाठोडं आलं. त्यांनी शेजारच्या मावशींशी सहजीवनाचा विषय काढला. मावशींनी त्यांना जरा सरकायला सांगितलं.

स्टेशनबाहेरची मिरचीची भजी मात्र सरांना भोवली. सुजाताताईंकडे पिठलं, ज्वारीच्या गरम भाकरी, ठेचा असं ताट समोर आलं आणि सर म्हणाले, मी काही घेणार नाही, तुम्ही जेवून घ्या. मग कुणीच जेवेना. ताईंचे यजमान हात धुऊन नुसते बसून राहिले. सासूबाईंनी चुलीपासूनच विचारलं, पाहुणा उपाशी असताना आमच्या घशाखाली घास कसा उतरंल? शेवटी सरांनी ताक आणि चतकोर भाकरी मागून घेतली, तेव्हा सगळ्यांनी भाकरी मोडली. मी तर कधीची वाट बघत होते.

जेवणानंतर गटातल्या बायका जमल्या. सुजाताताईंनी थेट विषयाला हात घातला.

"सर, उपोषणानं समोरच्याचं मन जागं होतं, असं तुमी लिहिलंय. आत्ता आमचं झालं, कारण तुमी पाहुणे. माझ्या आज्याला माहेरच्या गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. त्यानं उपोषण केलं असतं तर कुणाला कळलं बी नसतं. तो तसाबी उपाशीच असायचा."

मग आजोबांनी काय केलं, असं सरांनी हळूच विचारलं.

आजोबा वस्तीतल्या सगळ्यांना घेऊन रोज विहिरीभोवती उभे राहायचे. मार खाल्ला, हात उगारला नाही. बाकीच्यांचंही पाणी अडलं, तेव्हा गाव बोलायला बसलं.

सरांनी हट्ट सोडला नाही. अडवून पाणी मिळतं, पण त्यानंतर शेजार टिकतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर कमलबाईंनी दिलं. त्या ताईंच्याच माहेरगावच्या, मोठ्या जमीनवाल्यांची लेक. "त्या घागरी आमच्या घरच्या अडल्या होत्या. पाणी लगेच सुटलं. आमच्या आजीनं ह्यांच्या घरचा चहा प्यायला लय वर्षं घेतली. पण प्याली."

ऊन उतरेपर्यंत वाद चालला. कुणी हरलं नाही. धपाट्यांची शिदोरी घेऊन आम्ही परतलो.

घरी आल्यावर आठवडाभर सरांनी ते प्रकरण मला छापायला पाठवू दिलं नाही. मग ठरवलं की मराठी आवृत्तीत सुजाताताईंचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावानं छापायचा आणि खाली आपलं उत्तर द्यायचं. मी ताईंना फोन करून परवानगी मागितली.

"उत्तर आधी मला दाखवा," त्या म्हणाल्या. "पटलं तर छापा. न्हाई पटलं तर परत या, मुक्कामाला."

सर उत्तर लिहायला बसलेत. मला वाटतं, ते मुद्दाम कच्चं लिहितायत.