फळीपलीकडचे मिस्टर ओल्डरॉइड

मेविस ओल्डरॉइड नवऱ्याच्या डोक्यावर खापर फोडायचा पगार घेत असे. मी थट्टा करत नाही. केल्डवर्थ स्टेशनात मी तिकीट खिडकीवर होते आणि माझ्या खिडकीच्या शेजारच्याच खोलीत हा धंदा उजळ माथ्याने चालत होता.

रेल्वे सरकारी होती तेव्हा मेविस आणि क्लिफ त्या खोलीत एकाच टेबलाशी बसायचे. गाडी रखडली की क्लिफ म्हणायचा, "रखडली गं." मेविस म्हणायची, "रखडली खरी." मग दोघं मिळून ती पुढे कशी काढायची ते बघायचे. चूक कुणाची, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे, कारण घर एकच होतं. त्यांचं लग्नही त्याच टेबलावर जमलं. लग्नात तिच्या आईने मला सांगितलं होतं, "पोरीने नवरा नाही, टाइमटेबल केलंय."

मग लंडनमधल्या शहाण्यांनी रेल्वे विकायला काढली. रूळ आणि सिग्नल एका कंपनीला दिले. लंडनहून स्कॉटलंडला जाणाऱ्या लांबच्या गाड्या चालवायचा मक्ता दुसरीला दिला. क्लिफ रुळांच्या वाट्याला गेला, मेविस गाड्यांच्या. भाऊभाऊ वेगळे होताना भांडी वाटून घेतात, तशी माणसं वाटली. आणि एक नियम आला: गाडीला उशीर झाला, की ज्याची चूक त्याने दुसऱ्याला पैसे भरायचे. म्हणजे चूक ठरवायला माणसं हवीत. गाड्या वेळेवर चालवायला माणसं नव्हती, पण चूक ठरवायला हवी तेवढी होती; मेविस आणि क्लिफ त्यांतलेच.

दोन कंपन्यांची माणसं एका खोलीत कशी बसणार? म्हणून सुतार आले आणि खोलीच्या मधोमध फळ्यांची भिंत ठोकून गेले. दारसुद्धा ठेवलं नाही. पलीकडे जायचं तर फलाटावरून वळसा घालून, आणि तेही परवानगी काढून. बोलायचं ते फोनवर, कारण फोन रेकॉर्ड होत असे. दोघांच्या खुर्च्या फळीला टेकलेल्या, मधे बोटभर लाकूड, आणि फोनवर हे असं:

"मिस्टर ओल्डरॉइड, मघाची एडिंबरा गाडी तुमच्या हद्दीत पक्ष्याला धडकली."

"मॅडम, बदक होतं. लहान पक्षी गाडीवाल्यांच्या खाती."

"हंस होता, मिस्टर ओल्डरॉइड. मोठा पक्षी रूळवाल्यांच्या खाती. ड्रायव्हरने लांब मान बघितली आहे."

"मान मीही दाखवतो ना. तुम्ही पक्षी दाखवा."

आणि संध्याकाळी दोघं एकाच छत्रीतून घरी जायचे. घरात रेल्वेचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं, पण क्लिफला राहवत नसे. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते. ताटातल्या मटणावर रस्सा ओतता ओतता तो म्हणाला, "मेविस, एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हण की गं, आमची चूक."

"तू मेल्यावर म्हणेन," मेविस म्हणाली. "वाटाणे घे."

किटली क्लिफच्या बाजूला राहिली होती. तिच्या मालकीवरून दोन्ही कंपन्यांच्या वकिलांची पत्रं चालू होती. तोवर क्लिफने आपली वाट काढली. दोन्ही खोल्यांच्या खिडक्या फलाटावर उघडत आणि बाहेरचा कठडा एकच होता. चार वाजता तो चहा करायचा, तिचा कप कठड्यावरून तिच्या खिडकीपाशी सरकवायचा आणि फळीवर दोनदा टकटक करायचा. त्या चहाला परवानगी नव्हती. अख्ख्या केल्डवर्थमध्ये वेळेवर येणारी ती एकच गोष्ट होती.

मक्तेदार येत होते आणि जात होते. पहिला निळ्या टायवाला. त्याने सरकारकडून अनुदान घेतलं आणि डब्यांना रंग दिला. आतल्या फाटक्या सीट तशाच. मक्ता संपला तेव्हा नफा गाठीला बांधून गेला. मग मोहरी रंगाचा आला. त्याने सरकारला एवढी मोठी रक्कम कबूल केली की आकडा पेपरात वाचून आमचा हमाल पोट धरून हसला. ती रक्कम काढण्यासाठी त्याने जेवणाचा डबा काढला, त्या जागी खुर्च्या कोंबल्या आणि तिकिटं वाढवली. शिव्या मात्र मला पडल्या, कारण खिडकीत मी होते. दर वेळी नवा मक्तेदार केक कापायचा आणि मेविसला सांगायचा, "रेल्वे परिवारात तुमचं स्वागत आहे." तिचा बाप रेल्वेत इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन होता, आजा रूळ ठोकायचा. ती मान हलवायची, नवा स्कार्फ गळ्यात अडकवायची आणि फळीला पाठ टेकून बसायची.

मोहरीवाल्यांचा साहेब होता पिअर्स. पोरगेला, गुळगुळीत, गाडीला 'प्रॉडक्ट' म्हणणारा. त्याच्याच वेळची गोष्ट.

जानेवारीत बर्फ पडलं होतं आणि सगळे रस्ते बंद होते. चार वाजून गेले तरी टकटक झाली नाही. मेविसने खिडकी उघडली. कठडा रिकामा होता. तिने फोन लावला. घंटा फळीपलीकडे वाजताना तिला ऐकू येत होती.

"मिस्टर ओल्डरॉइड?" ती रिसीव्हरमध्ये म्हणाली. मग फळीवर मूठ मारून म्हणाली, "क्लिफ."

पिअर्स दारातच उभा होता. "मेविस, पलीकडे जायचं तर आधी त्यांची परवानगी—"

ती त्याला ढकलून गेली. मीही खिडकी टाकून धावले. क्लिफ जमिनीवर पडला होता, ओठ निळे, छातीवर मूठ. शेजारी कप फुटलेला. तिचा कप, गुलाबांचा.

अँब्युलन्सवाले फोनवर म्हणाले, बर्फातून पोचायला निदान दोन तास. यॉर्कचं हॉस्पिटल गाडीने पाव तासावर होतं, आणि आमच्याकडे न थांबणारी एडिंबरा गाडी येतच होती. मेविसने सिग्नलवाल्या रॉयला फोन लावला. "रॉय, लाल कर."

"कारण काय सांगू?"

"आधी लाल कर. कारण मी नंतर शोधते. तेच तर माझं काम आहे."

गाडी थांबली. हमालाने आणि मी क्लिफला उचलून आत घेतलं, जेवणाचा डबा काढून जिथे खुर्च्या कोंबल्या होत्या तिथेच. मेविस त्याचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसली. पिअर्स फलाटावर हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता. ते घड्याळ मी आजही विसरले नाही.

क्लिफ यॉर्कला जिवंत पोचला. शुद्धीवर आला, दोन घोट सूप प्याला, मेविसच्या स्कार्फच्या रंगाला हसला. रविवारी गेला. ते दिवस तिला त्या थांबलेल्या गाडीने मिळवून दिले, एवढं लक्षात ठेवा.

कारण, सोमवारी भांडण सुरू झालं. मागे सगळ्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि रक्कम मोठी होती. मेविसची कंपनी म्हणाली, आजारी माणूस रूळवाल्यांचा, सिग्नल रूळवाल्यांचा, तेव्हा भरा पैसे. रूळवाले म्हणाले, गाडी थांबवायला सांगणारी बाई तुमची. महिने गेले. मधेच मोहरीवाल्यांनी कबूल केलेली रक्कम जड झाल्यावर काखा वर केल्या आणि मक्ता सरकारच्या दारात टाकून चालते झाले. सरकारने काही दिवस गाड्या चालवल्या, त्या बऱ्या चालल्या, म्हणून घाईघाईने पुन्हा विकल्या. जांभळा टायवाला आला. त्याने केक कापला, मेविसचं स्वागत केलं. साहेब पिअर्सच राहिला, फक्त टाय बदलला. आणि भांडण नव्या मक्तेदाराला वारसाहक्काने मिळालं.

शेवटी बैठक बसली ती मेविसच्याच अर्ध्या खोलीत, कारण तिथे भाडं पडत नव्हतं. मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी पिअर्सने तिला समजावलं होतं, "सोपं आहे, मेविस. कारण: क्लिफर्ड ओल्डरॉइड, कामावर असताना आजारी. एवढंच म्हण. आपण जिंकलो. तुला यात अडचण नाही ना?" नवऱ्याला चूक म्हणून कायमचं नोंदवायला अडचण नाही ना, असं त्या मेल्याने तिला विचारलं, आणि वर बिस्कीट पुढे केलं. ती रात्रभर जागी असणार हे मला बैठकीत तिच्या डोळ्यांवरून कळलं.

रूळवाल्यांकडून कार्टराइट नावाचा माणूस आला होता. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "आमचं म्हणणं असं, की त्या क्षणी मिस्टर ओल्डरॉइड कामावर नव्हतेच. ते चहा करत होते. दोन कप होते. दुसरा तुमच्या बाईंसाठी. परवानगी नसताना. म्हणजे घटना घडली ती तुमच्या बाईंच्या चहापायी."

कार्टराइटला तिथेच ते बिस्किटांचं ताट फेकून मारावं असं वाटलं आणि मारलं नाही याचं मला आजवर वाईट वाटतं.

पिअर्स खूश दिसला. "उत्तर सोपं आहे. चहा हा कामाच्या वेळेतलाच. मेविस, सांग त्यांना. चूक कुणाची?"

या मक्त्याच्या सगळ्या इतिहासात, निळ्या, मोहरी आणि जांभळ्या, कुठल्याही बाजूने कधी स्वतःची चूक कबूल केली नव्हती. आतल्या फाटक्या सीटची नाही, काढलेल्या जेवणाच्या डब्याची नाही, बुडवलेल्या सरकारी पैशाची तर नाहीच नाही.

मेविस उठली. गळ्यातला जांभळा स्कार्फ सोडून तिने पिअर्सच्या पुढ्यात ठेवला. मग टेबलाला वळसा घालून ती फळीपाशी गेली. पलीकडे आता क्लिफच्या जागी कुणीतरी नवा पोरगा बसत असे. तिने फळीवर दोनदा टकटक केली.

"मिस्टर ओल्डरॉइड," ती म्हणाली, "आमची चूक."

कार्टराइटने ते लिहून घेतलं. पिअर्स विचारत राहिला, ती नक्की कुणाशी बोलत होती. मी त्याला सांगितलं नाही.