खड्ड्यावरचा बावटा

२०२३ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो आणि तरीही बंगळूरमधल्या जयनगरच्या फुटपाथवरून चालण्याचा हट्ट धरून होतो. चूक माझीच.

आमच्या घरापासून पार्क दोनशे पावलं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोज चाला. नाही चाललात तर कायमच्या खुर्चीत बसाल." आणि त्या दोनशे पावलांच्या बरोबर मध्यावर गटारावरची फरशी गायब! खाली मांडीभर खड्डा. त्यात एक म्हातारी पडली, दोन कुत्री पडली आणि एकदा मीही पडलो. (घरी सांगितलं, कुत्र्याने ढकललं. ही म्हणाली, "कुठल्या? आत पडलेल्या?")

पालिकेच्या कचेरीत गेलो. तीन इयत्ता शिकलेला शिंपी मी, पण अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. साहेबाने तो वाचला नाही, त्याचा पंखा करून वारा घेतला.

"अज्जा, मोबाइलवर फोटो टाका. तोवर स्वल्प सांभाळून चाला."

"मी जन्मभर सांभाळूनच चाललोय," मी म्हणालो. "आता जरा रस्त्यानं मला सांभाळावं!"

साहेब हसला. फरशी आली नाही.

मुलगा प्रकाश म्हणाला, "अण्णा, तुम्ही दोघं बाहेर जायचंच बंद करा. आईला गच्चीत फिरवा." गच्ची! तिथे पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेल्या चादरी. म्हणजे रस्ता दुरुस्त करायचा नाही, रस्त्यावरचे म्हातारे उचलायचे!

आमच्याकडे खड्डा पडला की लोक त्यात झाडाची फांदी रोवतात. मी रोवली. गाय येऊन खाऊन गेली. मग म्हटलं, गाय खाणार नाही आणि लांबून दिसेल असं कापड लावू. पेटीत ब्लाउजांचे तांबडे-पिवळे तुकडे होते. जोडले, बांबूला बांधले.

ही दारातूनच ओरडली, "अहो, हा तर कन्नड बावटा झाला!"

"काही नाही झाला. त्यांचा पिवळा वर असतो. मी तांबडा वर घेतलाय. साठ वर्षं कातरी चालवली, मला वरचं-खालचं शिकवू नकोस!"

खड्ड्यात बांबू रोवला. अर्ध्या तासात समोरच्या रिक्षा स्टँडवरची पंधरा माणसं जमली. पुढे त्यांचा म्होरक्या नंजुंडण्णा, डोळे लाल.

"आमचा बावटा उलटा लावायची हिंमत कुणाची?"

आता 'हा बावटा नाही, चिंध्या आहेत' असं म्हणालो असतो तर त्याच खड्ड्यात मला आडवा घातला असता. मी म्हणालो, "वाऱ्यानं फिरला, अण्णा!" कापड सोडवलं, पिवळं वर करून बांधलं. तेवढ्यावर गप्प बसायचं ना! पण माझी जीभ. म्हणालो, "मी स्वतः शिवलाय! शिलाई बघा, कुठे सुरकुती नाही!"

नंजुंडण्णाचे डोळे भरून आले. "मराठी अज्जानं स्वतःच्या हातानं आपला बावटा शिवला! कर्नाटकाचा राज्योत्सव आठवड्यावर आलाय. इथे कट्टा बांधायचा!"

तीन दिवसांत कट्टा उभा. छातीइतका उंच, कंपाउंडच्या भिंतीपासून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत, भोवती लोखंडी कठडा. कचेरीला सहा महिन्यांत जमलं नाही ते रिक्षावाल्यांनी करून दाखवलं. खड्डा बुजला. फुटपाथही बुजला!

मी म्हणायला गेलो, "नंजुंडण्णा, थोडी वाट सोडा, वयस्कर माणसं..."

"काळजी नको अज्जा! वयस्करांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत!"

राज्योत्सवाला मला शाल, फेटा, हार. बावट्याची दोरी मलाच ओढायला लावली. मग हातात माइक दिला. चार दिवस मी एक वाक्य घोकलं होतं: 'बावटा राहू द्या, पण माझ्या बायकोला चालायला दोन हात जागा द्या.' समोर दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. मी म्हणालो, "मला फार अभिमान वाटतो." आणि खाली बसलो. पहिल्या रांगेतली ही तेवढी टाळी वाजवत नव्हती.

घरी परतताना कट्ट्याला वळसा घालायचा म्हणजे भर रस्त्यात उतरायचं. उतरलो. मागून एक स्कूटर हिच्या पदराला घासून गेली. पोरगा वळून ओरडला, "अज्जी, फुटपाथवरून चालायला काय होतं?" ही रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

"अहो, मी आपली घरातच बरी," ती म्हणाली. बावन्न वर्षं माझ्यावर ओरडणाऱ्या बाईचा आवाज एवढासा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. माझ्या गळ्यात अजून हार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिला चालायला नेण्यासाठी मी रिक्षा केली. नंजुंडण्णाचीच पहिली होती.

"कुठे, अज्जा?"

"पार्क."

"अय्यो, एवढ्याला रिक्षा? चालत जा की! या वयात पायांना सवय पाहिजे!"

कट्टा समोर होता, नंजुंडण्णा समोर होता, शब्द जिभेवर होते. मी "सरी, बरं" म्हणालो, हिला आत बसवलं, आणि ज्यावर माझा सत्कार झाला त्या कट्ट्याला रिक्षातून वळसा घातला.