उभ्यानं घेतलेलं माप

आमच्या घराण्याचे पाय एका साच्यातले: चवडा सुपासारखा पसरट, टाच मात्र एवढीशी, आणि अंगठ्याच्या मुळाशी हाडाचं टेंगूळ. बाबांचे तसे, माझेही तसेच. लेक तेवढी सुटली, ती आईवर गेली.

त्या लेकीनं मला हिमालयातल्या ट्रेकला चला म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. आधी दोनदा मी स्टील प्लांटमधून सुटी मिळत नाही अशी थाप मारली होती. सुट्या पडून होत्या. खरी अडचण बुटांची होती, आणि पन्नाशी उलटलेल्या बापाला ते पोरीला सांगायची लाज वाटत होती. या वेळी मी हो म्हणालो, तिनं दोघांचं बुकिंगही केलं. आता माघार घेतली तर ती पुन्हा कधी विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सुपेल्याच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली. रुंदीला बसेल तो बूट लांबीला होडी. शेवटी घरच्या जुन्या रीतीनं दोन नंबर मोठा घेतला आणि पुढे कापूस कोंबला. बाबांनी रेल्वेत ट्रॅकमनची सगळी नोकरी अशीच काढली; स्टोअरमधून जो जोडा मिळेल त्यात चिंध्या भरायच्या आणि रुळाच्या कडेनं चालायला लागायचं.

सरावासाठी एका सकाळी आमच्या हुडको वसाहतीतून कुरुद गावापर्यंत चालत गेलो. कुरुद येईस्तोवर दोन्ही टाचांची सालटी निघाली. बूट हातात घेऊन अनवाणी ऑटोत बसलो तेव्हा शेजारची बाई जरा सरकून बसली.

बाबा दारातच होते. माझ्या टाचा बघून म्हणाले, “चार दिवस घातला का बसते.”

मी बूट असे भिरकावले की ते थेट तुळशीपाशी जाऊन पडले.

मग ऑफिसातल्या एकानं खुर्सीपारचा एक कारागीर सुचवला. कामावर पायाला इजा झालेल्या लोकांना तो मापाचे जोडे शिवून देतो म्हणे. मी पलंगावर बसून वर्तमानपत्रावर दोन्ही पाय आखले आणि बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आणताना वाटेत त्याच्याकडे थांबलो. बाबा बाकावर टेकले.

डोंगर चढायचे बूट हवेत असं मी सांगितलं. कारागिरानं कागद उलटसुलट करून पाहिला. “बैठ के नापा है?”

“हां.”

“तो बैठने का ही जूता बनेगा.”

त्यानं जमिनीवर खाकी कागद पसरला आणि मला अनवाणी उभं केलं. “पूरा वजन डालो.” पेन्सिल फिरली. मग त्यानं माझं वर्तमानपत्र शेजारी धरून दाखवलं. बसून काढलेल्या रेघेच्या बोटभर बाहेर माझा पाय पसरला होता. मग फीत घेऊन तो चवडा, घोटा, टाच मोजत गेला. टेंगळापाशी थांबला, पण हसला नाही. बूट ज्यावर घडवतात त्या लाकडी फर्म्यावर नेमक्या त्या जागी चामड्याचा तुकडा ठोकून फर्मा माझ्या पायासारखा करायचा आणि त्यावर बूट चढवायचा, असं त्यानं मला समजावून सांगितलं. पंधरा दिवस लागतील म्हणाला. ट्रेकला दीड महिना होता. मला इतकं हलकं वाटलं की लेकीला तिथूनच फोन करावा असं मनात आलं.

मी चपला घालत होतो, तेवढ्यात बाबा उठले.

“त्या कागदावर जागा हाये का अजून?”

“कावून, बाबा?”

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. “मले आजवर समद्यांनी नंबरच विचारला. माप कोनी घेतलं नाही.”

मीही कधी घेतलं नव्हतं. एका घरात राहून, तसलेच पाय घेऊन, मी फक्त माझ्या टाचांवर चिडत राहिलो. त्या क्षणी मला स्वतःचाच राग आला.

कारागिरानं विचारलं, “बाबूजी, कहां चढ़ोगे आप?”

“कहीं नहीं,” बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “बरोबर बसलेला जोडा पायाले कसा लागते, थे तं पाहू दे.”

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते कागदावर उभे राहिले. पंख्यानं कागद फडफडत होता, म्हणून मी खाली वाकलो आणि त्याची कडा दाबून धरली.